सावकाशराव पडत नाहीत

"पडायचं तर बाजूला पडा. मागे नाही, आणि पुढे तर मुळीच नाही. गुडघे वाकवा, अंग सैल सोडा, भार मांडीवर घ्या. आणि पडताना शेजाऱ्याचा हात धरू नका. त्याला त्याचं पडणं पुरेसं असतं."

बर्फाच्या रिंकवरच्या कोचबाईंनी पहिल्याच तासाला दिलेली ही सूचना सावकाशरावांना तोंडपाठ झाली होती. दात घासताना ती आठवे, भाजी निवडताना आठवे, आणि जिना उतरताना तर हटकून आठवे. अडचण एवढीच होती, की सूचना पाठ होऊनही त्यांना पडता येत नव्हतं.

लोक बर्फावर उभं राहता यावं म्हणून शिकायला जातात. सावकाशराव पडायला शिकण्यासाठी जात होते, आणि त्यात नापास होत होते. असलं उफराटं काम एका भल्या गृहस्थाच्या वाट्याला का आलं, ते सांगायला हवं.

सावकाशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. कुणी शिडीवर चढलं की खालून त्यांचा आवाज येई, "सावकाश!" कुणी चहाचा ट्रे घेऊन निघालं की पुन्हा "सावकाश!" एकदा मोठे साहेब स्वतःच्या निरोपाच्या भाषणासाठी व्यासपीठावर चढत असताना पहिल्या रांगेतून तोच आवाज आला, आणि साहेब दचकून अडखळले. ते एक अडखळणं सोडलं, तर सावकाशरावांच्या अमलाखाली कारखान्यात कुणाचा पाय घसरला नाही. कामगारांनी पाठीमागे ठेवलेलं नाव हळूहळू तोंडावर आलं, मग घरी पोचलं, आणि निवृत्तीनंतर तेवढंच उरलं.

घरातही त्यांनी हयगय केली नव्हती. न्हाणीघराच्या दाराशी खरबरीत पट्टी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, टेबलाच्या चारही कोपऱ्यांना रबर. त्या घरात चार पावलं टाकली, की धडधाकट पाहुण्यालाही आपण नुकतेच आजारातून उठलो आहोत असं वाटू लागे. स्वतः सावकाशराव कळत्या वयात एकदाही पडले नव्हते. याचा त्यांना अभिमान होता. देव अभिमान ठेवू देतो, पण फार दिवस एकाच जागी ठेवू देत नाही.

त्यांच्या नातीला सगळे भिंगरी म्हणत. चालायला लागली तीच मुळी गोल गोल, म्हणून. आता ती फिगर स्केटिंग शिकत होती. तिचे आईवडील दोघंही सकाळी लवकर कामावर जात, त्यामुळे तिला रिंकवर नेणं-आणणं सावकाशरावांकडे होतं. कठड्याबाहेर बाकावर बसून ते दोन कामं करत. एक, तिची लोकरीची टोपी सांभाळणं. दुसरं कोणतं, ते सांगायला नकोच.

तर ही भिंगरी ॲक्सेल नावाची उडी शिकताना पडली. मनगटाला प्लास्टर लागलं. प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं, पण स्केट्स मात्र पलंगाखाली गेले ते बाहेर येईनात. कोचबाईंनी सावकाशरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हंगाम संपायच्या आत ती परत बर्फावर यायला हवी, काका. एकदा भीती मुरली, की मग ती निघत नाही."

एका सकाळी नाश्त्याला सावकाशरावांनी विषय काढला.

"पडलीस, ठीक आहे. पडलं की उठायचं. त्यात एवढं काय?"

भिंगरीने मान वर न करता विचारलं, "तुम्ही कधी पडलात, आजोबा?"

"मी?" सावकाशराव ताठ बसले. "एकदाही नाही."

"मग तुम्हाला काय कळतंय?"

काकू, म्हणजे सावकाशरावांची पत्नी, चहा गाळत होत्या. काकूंचा एक रोजचा नेम होता. दुपार होईपर्यंत कुणाविषयी वावगं बोलायचं नाही. त्यामुळे सकाळच्या वेळी त्या एकूणच कमी बोलत, आणि नवऱ्याविषयी तर अवाक्षर काढत नसत. त्यांनी फक्त गाळणं दोनदा आपटलं.

सावकाशरावांना लागलं. मन दुखावलेल्या माणसाने गप्प बसावं हे उत्तम, पण ते ज्याला जमत नाही तो वचन देऊन मोकळा होतो.

"मी पडून दाखवतो," ते म्हणाले. "तिथेच, बर्फावर. आणि कुणाचा हात न धरता उठतो. मग तर झालं?"

भिंगरीने आता वर पाहिलं. "मग मी ॲक्सेल करीन. पण खरं पडायचं हं."

"म्हणजे?"

"मुद्दाम पडलेलं ते पडणं नसतं."

ही अट सावकाशरावांना त्या वेळी किरकोळ वाटली. पडत्या फळाची आज्ञा म्हणून ते अंगात कोट घालून निघाले ते थेट रिंकच्या नावनोंदणीच्या खिडकीशी.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नाव नातीचं ना?"

"माझं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "साठीच्या पुढच्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो."

"कशाचा?"

"पडणार नाही याचा."

"पण मला पडायचंच आहे."

बाईंनी चष्मा वर सरकवला. मग शांतपणे म्हणाल्या, "मग त्याचाही आणा."

डॉक्टरांनी गुडघे ठोकून पाहिले, घोटे फिरवून पाहिले, आणि कारण ऐकल्यावर खुर्चीत मागे टेकून बसले. "साठीनंतर लोक माझ्याकडे पडून येतात. आधी परवानगी मागायला आलेले तुम्ही पहिलेच. हाडं छान आहेत हो! वापरलेलीच दिसत नाहीत." आणि त्यांनी लिहून दिलं, की सदर गृहस्थांनी आधार घेऊन बर्फावर जाण्यास हरकत नाही.

त्या एका 'आधार' शब्दाने घात केला. खिडकीतल्या बाईंनी दाखला वाचला, आत गेल्या, आणि दोन्ही हातांनी ढकलत एक निळा प्लास्टिकचा सील मासा घेऊन आल्या. लहान मुलं तोल सांभाळायला धरतात तो. त्याच्या कानांच्या जागी मुठी होत्या आणि चेहऱ्यावर कायमचं हसू होतं.

"हा तुमचा आधार," बाई म्हणाल्या. "सोडायचा नाही."

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या बिऱ्हाडात एक निवृत्त हिशेबनीस राहत. जगातल्या कुठल्याही गोष्टीत त्यांना काटकसरीचा मार्ग दिसे. ते चपला न घालताच आले.

"काय ऐकतोय मी? पडण्यासाठी इतक्या लांब जायचं? अहो, आपला जिना काय वाईट आहे? मागच्या दारचा तर कुणी वापरतही नाही."

"बर्फावरच पडायचं ठरलंय."

"ठरलंय? कुणाशी ठरलंय? बरं, राहिलं. उशा बांधा. एक पुढे, एक मागे. आणि पडताना ओरडू नका, त्याने धसका वाढतो."

सावकाशराव हो म्हणाले, कारण संरक्षक साधनांना नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कारखान्यातलं शिरस्त्राण माळ्यावर होतंच. गुडघ्यांना गाद्या, कोपरांना गाद्या, कोटाच्या आत मागच्या बाजूला सोफ्याची उशी. आरशात त्यांनी स्वतःकडे समाधानाने पाहिलं. भिंगरी दारात उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पडलात ना, तर बर्फालासुद्धा लागणार नाही."

त्याच दिवशी तिने पलंगाखालून एक स्केट काढला आणि जेवणाच्या टेबलावर उलटा ठेवून त्यांना समजावलं. पातं असतं ते एकच, पण त्याला दोन कडा असतात. मध्ये खोबण. सरळ उभं राहिलं की दोन्ही कडांवर भार, कललं की एकीवर. एक आतली, एक बाहेरची. सगळं स्केटिंग म्हणजे आपण या क्षणी कुठल्या कडेवर आहोत ते कळणं. गिरकी असो, उडी असो, पावलांची ओळ असो, आधी कड.

"आणि हे काय?" सावकाशरावांनी पात्याच्या पुढच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे करवतीसारखे दाते होते. "ठेच लागावी म्हणून मुद्दाम केलेली सोय?"

"ते रोवून उडी मारतात. काही उड्या दाते रोवून, काही नुसत्या कडेवरून."

"आणि तुझी ती?"

"ॲक्सेल कडेवरून. पण ती वेगळीच असते." भिंगरीने पात्यावरून अंगठा फिरवला. "बाकीच्या सगळ्या उड्या पाठमोऱ्या मारायच्या, आजोबा. कुठे चाललोय ते दिसत नाही, म्हणून तेवढी भीती नाही वाटत. ॲक्सेल एकच, समोर बघून मारायची. सगळं दिसतं."

एवढं बोलून तिने स्केट उचलला आणि परत पलंगाखाली ठेवला. सावकाशरावांना काहीतरी बोलावंसं वाटलं. पण त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो इथे उपयोगाचा नाही एवढं त्यांना कळलं.

पहिल्या सकाळी ते सील माशाच्या मुठी धरून बर्फावर उतरले. भिंगरी निवाडा करायला म्हणून बाकावर येऊन बसली होती. काकू तिच्या शेजारी. भाड्याच्या स्केट्समध्ये आधीच्या कित्येक पायांचा ओलसर मुक्काम होता, पण सावकाशरावांनी नाक मुरडलं नाही. ते आणि सील मासा मिळून कठड्याकडेने फिरले. पडण्याचा संभवच नव्हता. एवढा भक्कम आधार त्यांना उभ्या नोकरीत कुणी दिला नव्हता.

शेवटी कोचबाईंनी खिडकीकडे पाठ करून मासा काढून घेतला, आणि ती सूचना दिली. सावकाशरावांनी ती शब्दशः पाळली. गुडघे वाकवले. अंग सैल सोडलं. मग एक हात बर्फावर टेकला, एक मांडी टेकवली, दुसरी टेकवली, आणि कोट नीट करून घेतला.

त्यांनी बाकाकडे पाहिलं.

"हे बसलात," भिंगरी म्हणाली.

अपील करायला वरचं न्यायालय नव्हतं. काकू माळेतले मणी ओढत होत्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारपूर्वक बेत केला. माणूस एका बाजूला कलत गेला, की कधीतरी पडणारच; हा निसर्गाचा नियम आहे, आणि सावकाशरावांनी तो कारखान्याच्या भिंतीवर चित्रासह लावला होता. म्हणून त्यांनी थोडी गती घेतली आणि उजवीकडे कलायला सुरुवात केली. ते कलले, आणखी कलले, डोळे मिटले. पण ज्या नियमाने शिडी पडते, तो पात्याला लागू नव्हता. कलल्याबरोबर पात्याची बाहेरची कड बर्फाला लागली, आणि ती त्यांना एका मोठ्या, डौलदार वळणाने फिरवून जिथून निघाले तिथे आणून सोडून मोकळी झाली. त्यांनी डोळे उघडले. मग डावीकडे कलले. डाव्या पायाच्या कडेनेही तेच केलं. बर्फावर रेखीव आठचा आकडा उमटला होता.

"वा, काका!" कोचबाई टाळ्या वाजवत आल्या. "काय सुरेख कड आहे! इथे लोकांचे महिने जातात यात!"

सावकाशराव खजील झाले. बाकावरची भिंगरी खालमानेने बुटाच्या लेसशी खेळत होती.

त्यांनी मग मागे पडायचा प्रयत्न केला, तर उलटे सरकायला लागले. एक पाय अधांतरी उचलला, तर दुसऱ्यावरून निमूट तरंगत गेले. अगदीच चिडून एकदा ते मटकन खाली बसले, तर त्याच बसक्या अवस्थेत थेट पलीकडच्या कठड्यापर्यंत घसरत गेले आणि तिथे कठडा धरून उठले. कोचबाई म्हणाल्या, यालाही नाव आहे, आणि गिरकी घेत केलं तर गुणही मिळतात. उशी बांधलेल्या माणसाला कुणी इतकं मनापासून नावाजलं नसेल.

हिशेबनीसांना हे ऐकून राहवेना. पडण्यासारख्या साध्या कामाला एवढे दिवस लागतात म्हणजे कुठेतरी वेळेचा अपव्यय होतोय, अशी त्यांची खात्री झाली. ते एका सकाळी आले, स्केट्स चढवले, आणि "हे बघा, असं" म्हणून बर्फावर पाऊल टाकलं. पुढचं सगळं इतकं चटकन झालं, की पाहणाऱ्यांना क्रम लावता आला नाही. दोन्ही पाय पुढे गेले, स्वतः मागे राहिले, जाता जाता त्यांनी सावकाशरावांचा हात धरला, त्यांच्याभोवती खांबाभोवती फिरावं तसा एक फेरा घेतला, आणि आवाज करून खाली बसले. सावकाशराव जागचे हलले नाहीत.

"पाहिलंत?" हिशेबनीस खालूनच म्हणाले. पडले तरी नाक वर होतं. "काही अवघड नाही!"

भिंगरीने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच्या श्रीमंतीचा हेवा करणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या पडण्याचा हेवा वाटणं हा प्रकार सावकाशरावांना नवीन होता. वर हिशेबनीसांना ते पडणं इतकं आवडलं, की त्यांनी त्याच दिवशी प्रौढांच्या वर्गात नाव घातलं.

यथावकाश कोचबाईंनी सावकाशरावांना पहिल्या पायरीचं पदक दिलं. निळ्या फितीला लावलेलं, हलकंसं, पण पदक. ते हातात घेऊन सावकाशराव म्हणाले, "बाई, मी याच्यासाठी आलो नव्हतो. मला पडायचं आहे. माझं काय चुकतंय?"

कोचबाई म्हणाल्या, "चुकत काहीच नाही, काका. पण तुम्ही पडण्यासारखं काही करतच नाही. जेवढं जमेल तेवढंच करता. तुमची नात पडली, ती न जमणारं करायला गेली म्हणून."

सावकाशरावांनी कारखान्यात हजार भाषणं केली होती. त्यांतल्या एकातही हे वाक्य बसलं नसतं.

घरी पदक पाहून भिंगरी म्हणाली, "छान आहे." मग थोड्या वेळाने, "तुम्हाला पडताच येत नाही, आजोबा. राहू दे. माझे स्केट्स खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकू या का? तिचा पाय तेवढाच आहे."

ती रडली असती, तर सावकाशरावांना काही सुचलं असतं. तिने इतकं समजूतदारपणे सांगितलं, की त्यांनी पदक गुपचूप खिशात घातलं.

दुपार झाली, आणि काकूंचा नेम सुटला. त्यांनी सकाळपासूनचं साठवलेलं एका दमात सांगितलं. "अहो, जन्मभर लोकांना पडू दिलं नाहीत. मला खुर्चीवर चढून डबा काढू दिला नाहीत. पोरगं सायकल शिकत होतं, तर तुम्ही कॅरिअर धरून कॉलेजपर्यंत पळत गेलात. आता म्हणे मला पडायचंय! सवय लागते हो त्याला. आणि ती पोर काय मागतेय? तुम्ही आपटावं असं मागतेय का?"

"मग काय मागतेय?"

"ते तुम्हीच बघा," म्हणून काकू झोपायला गेल्या.

हंगामाच्या शेवटी रिंकवर सगळ्या वर्गांचं प्रदर्शन असे. प्रौढांच्या वर्गाने पवनचक्की करायची ठरली. म्हणजे मधोमध एकाने उभं राहून जागच्या जागी फिरायचं, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची एकेक रांग, सगळ्यांचे हात एकमेकांत गुंफलेले, आणि अख्खी चक्की गोल फिरायची. मधल्याला कमी श्रम, टोकाच्याला पळता भुई थोडी. टोकाची जागा हिशेबनीसांनी मागून घेतली; तिथे कमी वेळात जास्त अंतर कापून होतं, असं त्यांचं म्हणणं. आणि मधल्या जागेसाठी कोचबाईंना विचारच करावा लागला नाही.

"मध्ये काका. मधला पडला तर सगळे पडतात. पण काका पडत नाहीत."

सावकाशरावांचा जीव कात्रीत सापडला. एका बाजूला नातीला दिलेलं वचन. दुसऱ्या बाजूला हातात हात दिलेली ही सगळी माणसं. त्यात कुणाला रक्तदाब, कुणाचा गुडघा, आणि हिशेबनीस तर संपूर्णच. प्रदर्शनाच्या सकाळी ते भिंगरीजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आज नाही जमणार ग. आज माझ्या हातात माणसं आहेत."

"माहीत आहे मला," भिंगरी म्हणाली, आणि तिने त्यांच्या पदकाची फीत सरळ केली.

काकूंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. पलंगाखाली झाडताना हाताला लागलं म्हणून घेतलं बरोबर, एवढंच त्या म्हणाल्या.

संगीत सुरू झालं. चक्की फिरायला लागली. मध्ये सावकाशराव, शिरस्त्राण नाही, उशी नाही. कोचबाईंनी शोभत नाही म्हणून सगळं काढायला लावलं होतं. दुसऱ्या फेऱ्यालाच टोकाच्या हिशेबनीसांचा वेग त्यांच्या नियंत्रणापलीकडे गेला, त्यांचा हात सुटला, आणि ते सरळ रेषेत जाऊन कठड्याला मिठी मारून थांबले. उरलेली चक्की मात्र डगमगली नाही. संगीत थांबलं. प्रचंड टाळ्या झाल्या. माणसं आपापले हात सोडवून घेऊन कठड्याकडे गेली, आणि सावकाशरावांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळे सुखरूप होते.

तेवढ्यात कोचबाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "आणि आता पुढे येत आहेत आपल्या क्लबचे असे एकमेव सभासद, जे आजवर एकदाही पडलेले नाहीत!"

टाळ्या दुप्पट झाल्या. खिडकीतल्या बाईसुद्धा खिडकी सोडून आल्या होत्या. सावकाशरावांना आयुष्यात सुरक्षेबद्दल कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. अपघात न होणं ही गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यांचा ऊर भरून आला. ते सरकत पुढे आले, आणि सरकता सरकताच, छातीवर हात ठेवून, कमरेतून खोल, अगदी खोल वाकले.

वाकताना भार पुढे गेला. पात्याच्या टोकाचे ते दाते इतके दिवस वाटच पाहत असावेत. त्यांनी बर्फ धरला.

सावकाशराव पुढे पडले. मुळीच पडायचं नव्हतं त्या दिशेला, उताणी परात पालथी व्हावी तसे, हात पसरून. चष्मा सुटून एकटाच रिंकच्या मध्यापर्यंत गेला. ते स्वतः पोटावरून जरासे पुढे सरकले आणि थांबले. टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले.

मग एकदम गलका झाला. कोचबाई झेपावल्या. कठड्याला धरून हिशेबनीस ओरडले, "मी आलो, मी आलो!" पण कठडा सोडवेना. खिडकीतल्या बाईंनी प्रसंगावधान राखून सील मासा बर्फावर ढकलून दिला, आणि तो हसत हसत सावकाशरावांच्या डोक्याजवळ येऊन थांबला.

"कुणी हात लावू नका."

आवाज काकूंचा होता. अजून सकाळच होती. पण यात वावगं काहीच नव्हतं. "त्यांना उठू दे," त्या तितक्याच हळू म्हणाल्या, आणि धावणारे सगळे जागच्या जागी थांबले.

सावकाशरावांनी डोळे उघडले. बर्फ नाकाला लागला होता. कठड्याबाहेरून तो काचेसारखा दिसे. इथून तो ओरखड्यांनी भरलेला होता. वळणं, आठचे आकडे, दात्यांनी उकरलेले खड्डे, आणि मधूनमधून, कुणीतरी सपशेल आपटल्याच्या रुंद पुसट खुणा. त्या एवढ्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. यंत्राने पुसली जाण्याआधी पलीकडे कुठेतरी भिंगरीचीही असेल.

त्यांनी मासा सभ्यपणे बाजूला सारला. गुडघ्यांवर आले. एक पाय रोवला, तो घसरला. पुन्हा रोवला, पुन्हा घसरला. सगळं गाव आपल्याकडे पाहतंय हे त्यांच्या पाठीला कळत होतं. ते दृश्य देखणं नव्हतं. पदक गळ्यातून पाठीवर गेलं होतं आणि केसांत बर्फाचा चुरा होता. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर दाबले आणि थरथरत, कण्हत, कुणाचाही हात न धरता ते उभे राहिले.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून कुणी वाजवल्या नाहीत. कोचबाईंनी चष्मा आणून दिला. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी बाकाकडे पाहिलं. काकू होत्या. कापडी पिशवी रिकामी होती. भिंगरी खाली वाकून लेस आवळत होती.

ते कठड्याशी आले, तोवर ती उभी राहिली होती.

"लागलं?" तिने विचारलं.

"हो."

"कुठे?"

"विचारू नकोस. सगळीकडे."

"भीती वाटली?"

सावकाशरावांनी खोटं बोलण्याचा विचार केला, पण अंगात तेवढी शक्ती नव्हती. "पडताना नाही ग. वेळच मिळाला नाही. उठताना वाटली. पुन्हा पडेन म्हणून."

भिंगरीने मान हलवली. आपल्याला येत असलेलं उत्तर दुसऱ्यालाही आलं, तशी. "मलापण तेव्हाच वाटते," ती म्हणाली. मग तिने डोक्यावरची लोकरीची टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

प्रदर्शन संपलं होतं. लोक कोट घालत होते. बर्फ सपाट करायचं यंत्र घेऊन आलेला माणूस फाटकात होता. त्याने भिंगरीला येताना पाहिलं आणि यंत्र बंद करून थांबला. ती त्याच्याजवळून आत गेली.

सावकाशरावांनी सवयीने श्वास भरून घेतला. शब्द ओठांपर्यंत आला. त्यांनी तो टोपीसकट घट्ट धरून ठेवला.

भिंगरीने सगळ्या रिंकभोवती एक मोठा फेरा घेतला, पायावर पाय टाकत, पाठमोरी, वेग वाढवत. आजोबांच्या आपटल्याच्या खुणेला तिने वळसा घातला. मग पलीकडच्या कोपऱ्यात ती क्षणभर एका कडेवर स्थिरावली, वळली, आणि समोर बघत निघाली.